दोह्याचं राष्ट्रीय संग्रहालय : ऊन अडवणारी इमारत की उन्हाचा देखावा?

निवडुंग (धागाकर्ता)
कतारच्या राजधानीतल्या, म्हणजे दोह्याच्या राष्ट्रीय संग्रहालयावर मराठीत जे वाचायला मिळतं ते 'वाळवंटी गुलाब' एवढ्यावर सुरू होतं आणि तिथंच आटपतं. खाऱ्या वाळूखाली जिप्समचे जे पाकळ्यांसारखे स्फटिक बनतात, त्यांच्यावरून फ्रेंच वास्तुरचनाकार ज्याँ नूवेलने आकार उचलला, हे खरंच आहे. पण स्फटिकाला आपल्या पोटात माणसं, दागिने आणि वातानुकूलन सांभाळायचं नसतं.

चर्चा हवेत राहू नये म्हणून आधी आकडे देतो. एकमेकींत घुसलेल्या ५३९ तबकड्या, व्यास १४ मीटरपासून ८७ मीटरपर्यंत. त्यांच्यावर तंतुमिश्रित काँक्रीटची सुमारे ७६,००० पॅनेलं, तीही ३,६०० निरनिराळ्या आकारमापांची. लांबी साधारण ३५० मीटर, दालनं ११, फिरायची वाट दीड किलोमीटर. मार्च २०१९ मध्ये उद्घाटन. हे सगळं उभं आहे कतारचे पूर्वीचे शासक शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांच्या जुन्या वाड्याभोवती, मधे अंगण सोडून.

माझं मत असं की आकार दिखाऊ आहे, पण फक्त दिखाऊ नाही. आडव्या तबकड्या म्हणजे छज्जा, उभ्या म्हणजे भिंत, अशी मी वाटणी करतो. हे छज्जे खरोखर किती कामाचे, ते जाणकारांनी सांगावं. आणि अशा इमारती आल्यावर गावाच्या रीतीभातीत काही फरक पडला का, हेही.

कोपरखळी
फोटो पाहून वाटलं, गच्चीत वाळत घातलेल्या पापडांची चवड कुणीतरी लवंडली. चालू द्या.

तुळई
@कोपरखळी, पापड म्हणा हवं तर, पण आत पोलादी सांगाडा आहे. प्रत्येक तबकडी म्हणजे कैच्यांचं, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या पोलादी दांड्यांचं जाळं. आडव्या तबकड्या उभ्यांवर टेकतात आणि उभ्यांना आडव्या पडू देत नाहीत. त्यामुळे अर्धवट उभारलेली अशी इमारत स्वतःच्या बळावर उभी नसते. तात्पुरते टेकू कुठल्या क्रमाने काढायचे याचा वेगळा हिशेब लागतो, कारण एक टेकू काढला की शेजारच्या चार तबकड्यांमधला भार हलतो.

दुसरी भानगड उष्णतेची. ८७ मीटर पोलादाचं तापमान ३० अंशांनी बदललं तर लांबीत साधारण ३१ मिलिमीटरचा फरक पडतो. आवरण चढल्यावर सांगाडा उष्णतारोधक थराच्या आत जातो, मग ही ताणाताणी बरीच कमी होते. उभारणीच्या काळात मात्र तो उघडा असतो. म्हणून सर्व्हेची मापं पहाटे घ्यायची, सगळ्या बाजूंचं तापमान सारखं असताना. दुपारी एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असताना माप घेतलं की बोल्टाची भोकं जुळत नाहीत आणि फॅब्रिकेटरवर (सांगाड्याचे भाग बनवणाऱ्यावर) खापर फुटतं.

निवडुंग
@तुळई, ७६,००० पॅनेलांना ३,६०० आकार म्हणजे सरासरी एका साच्यातून एकवीस. इतक्या वेड्यावाकड्या इमारतीला हे कसं जमलं?

तुळई
इमारत वेडीवाकडी दिसते, तबकडी नाही. तिचा पृष्ठभाग म्हणजे गोलाचा तुकडा. गोलाच्या पृष्ठभागाची वक्रता सगळीकडे सारखी असते, त्यामुळे मधल्या भागात तोच साचा पुन्हा पुन्हा चालतो. साचे वाढतात ते कडांना आणि जिथे एक तबकडी दुसरीला कापते त्या रेषेवर. त्या रेषेवरची पॅनेलं बहुतेक एकेकटी. सगळं काम एकाच त्रिमितीय संगणकीय मॉडेलवरून झालं, कारण ही छेदरेषा सपाट नकाशावर काढून साइटवर वाचता येणं अशक्य.

सांध्यांबद्दलही सांगतो. तीन मीटरचं पॅनेल उन्हाळी दुपार ते हिवाळी पहाट या फेऱ्यात दीडेक मिलिमीटर हलतं. एवढे सांधे सिलिकॉनने बुजवले तर आखाती उन्हात ते कडक होऊन सुटतात आणि पंधरा-वीस वर्षांत सगळे पुन्हा भरावे लागतात. म्हणून अशा आवरणात सांधे उघडे ठेवायचे, पाणी आत जाऊ द्यायचं आणि खरा जलरोधक थर मागे ठेवायचा. मग लक्ष द्यायचं ते पॅनेल धरणाऱ्या ब्रॅकेटवर. प्रत्येक ब्रॅकेट त्या थराला भोक पाडतो, आणि गळती झाली तर तिथूनच होते.

कोपरखळी
वाळवंटात गळती? पाऊस पडतो का तिथे?

मीठागर
वर्षाला सरासरी पाऊणशे मिलिमीटर. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये दोह्यात एका दिवसात जवळपास वर्षभराचा पाऊस कोसळला होता. पन्हळी आणि पावसाळी नळ सरासरीवर ठरवत नाहीत, अशा एका तासावर ठरवतात.

शिवाय वर्षभर पाऊस नसणं हीच अडचण. वायव्येकडून येणाऱ्या शमाल वाऱ्याने आलेली बारीक धूळ तबकड्यांवर बसते, रात्री दव पडतं, सकाळी ऊन तापतं. दवात धुळीतलं मीठ विरघळतं आणि सुकताना पापुद्रा धरतं. कोरड्या ब्रशने तो निघत नाही. समुद्रालगतच्या पाण्याने धुवायचं तर आणखी मीठ, म्हणून क्षार काढलेलं पाणी आणि कमी दाब. जास्त दाब दिला तर काँक्रीटवरची सिमेंटची साय निघते आणि पॅनेल ठिपक्याठिपक्यांचं दिसायला लागतं. ओणव्या पृष्ठभागावर शिडी लावता येत नाही, दोरावर लटकणारे लोक लागतात आणि त्यांना अडकवायला जागोजाग नांगर, म्हणजे पक्के बसवलेले आकडे. ते नांगर आराखड्यातच धरावे लागतात, मागाहून ठोकले की पुन्हा जलरोधक थराला भोक.

ओलीसुकी
छज्ज्यांवर येते. दोहा साधारण २५ अंश उत्तर अक्षांशावर. २१ जूनच्या दुपारी सूर्य ८८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. त्या वेळी दक्षिणेच्या उभ्या काचेवर ऊन नावालाच पडतं, छज्जा असो वा नसो. मारक असतं ते सकाळचं पूर्वेचं आणि दुपारी तीननंतरचं पश्चिमेचं ऊन. सूर्य ३० अंशांवर असताना पाच मीटर पुढे आलेला आडवा छज्जा काचेवर जेमतेम २.९ मीटर सावली देतो, खालचा भाग उघडाच. तिथे कामाला येतात उभ्या आणि तिरक्या तबकड्या. म्हणून 'आडव्या म्हणजे छज्जा, उभ्या म्हणजे भिंत' ही धागाकर्त्यांची वाटणी मला अपुरी वाटते. उभ्या तबकड्याही सावलीच देतात, आणि जास्त अवघड उन्हाला. दोन तबकड्यांमधल्या फटीतच काच आहे आणि तीही खोल आत ओढलेली. चौकटी जमिनीत, छतात, भिंतीत लपवल्यामुळे बाहेरून त्या दिसतही नाहीत.

तबकड्यांच्या पोटातली पोकळीसुद्धा वाया गेलेली नाही. बाहेरचं तापलेलं कवच आणि आतलं दालन यांच्यामध्ये हवेचा जाड पट्टा राहतो, त्याने थंडाव्याचा भार कमी होतो.

आता खरी डोकेदुखी: दमटपणा. आखाताची हवा कोरडी असते असं आपल्याकडे धरून चालतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या रात्री समुद्रकाठी ३४ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता सहज असते, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं) २९ अंशांच्या आसपास. आत २१ अंश आणि ५० टक्के ठेवायचं, तर आतल्या हवेचा दवबिंदू १० अंश. बाष्प सतत बाहेरून आत घुसायला बघतं. युरोपात थंडीमुळे हे उलट असतं, तिथे बाष्परोधक पडदा उष्णतारोधक थराच्या आतल्या अंगाला लावतात. तोच तपशील डोळे मिटून इथे उतरवला तर ओली हवा उष्णतारोधक थरातून शिरते, थंड पडद्याच्या मागे पाणी होते आणि दोन उन्हाळ्यांत बुरशी. पडदा बाहेरच्या अंगाला हवा.

आणि ही हवा कोरडी करायला ती आधी दहा-अकरा अंशांपर्यंत थंड करून पाणी गाळायचं, मग पुन्हा तापवून दालनात सोडायची. बिल मोठं येतं ते इथे. दरवाजे दुहेरी हवेत आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त, नाहीतर शाळेची एक सहल आत आली की आर्द्रतेचा आलेख वर जातो.

निवडुंग
@ओलीसुकी, वाटणीबद्दलचा मुद्दा पटला. असा प्रतिसाद आला की धागा काढल्याचं सार्थक होतं. वाचनखूण साठवली.

खडूस_आजोबा
सगळं ऐकलं. आता मधला वाडा बघा. प्रवाळी दगड, जिप्समचा गिलावा, छताला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेले खारफुटीचे वासे. वासा साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणून खोलीही तेवढीच रुंद. सामानानेच माप ठरवलं. भिंती जाड, व्हरांडे खोल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा वाडा पडायला आला होता, तो दुरुस्त करून १९७५ मध्ये तिथेच पहिलं राष्ट्रीय संग्रहालय केलं आणि १९८० मध्ये त्याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. म्हणजे आंतरराष्ट्रीय नाव नूवेलच्या आधीच झालेलं. एवढ्यावर भागत असताना ५३९ तबकड्या कशाला?

ओलीसुकी
आजोबा, त्या वाड्यात माणूस राहू शकतो, रेशीम नाही. जाड भिंत दिवसाची उष्णता रात्रीवर ढकलते, पण दमटपणाला ती काही करत नाही. तिकडच्या जुन्या घरांवरचा वाऱ्याचा मनोरा खोलीत वारा आणतो तसं मीठ आणि धूळही आणतो. घामेजलेल्या माणसाला ते चालतं.

मीठागर
त्यात प्रवाळी दगड समुद्रातून काढलेला, म्हणजे मीठ आतच. जमिनीखालचं खारं पाणी भिंतीत वर चढतं, वाळताना गिलाव्यामागे स्फटिक धरतं आणि गिलावा फुगून पडतो. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा करणं म्हणजे तिचा घात. पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही, ते आणखी वर चढतं आणि दगडच झिजतो. जिप्सम-चुन्याचा मऊ गिलावा करायचा आणि तो बळी जाऊ द्यायचा. दर काही वर्षांनी खरवडून नवा.

नव्या इमारतीलाही हेच खारं पाणी भोवतं, फक्त पायाला. म्हणून तळघराला बाहेरून जलरोधक वेष्टन, सिमेंटात स्लॅग किंवा मायक्रोसिलिका (काँक्रीट घट्ट करणाऱ्या भुकट्या), वाळू धुतलेली. काँक्रीट ओतताना त्याचं तापमान साधारण ३२ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. उन्हाळ्यात ते पाण्याऐवजी बर्फ घालून आणि रात्री ओतूनच जमतं.

शिंपला
रेशमाचा विषय निघालाच आहे तर, या संग्रहालयातली एक वस्तू थेट आपल्या इतिहासातली आहे. बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. खंडेराव गायकवाड महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर पंधरा लाखांच्या आसपास मोती, शिवाय हिरे, पाचू, नीलम. मदिनेला प्रेषितांच्या कबरीसाठी तो नवसाने करवला होता असं सांगतात. पाठवला गेला नाही. १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात मांडला होता, पुढे बडोद्याच्या महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला आणि २००९ मध्ये दोह्यातल्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला.

मोती कुठले? बसरा मोती, म्हणजे कतार-बहारीनच्या समुद्रातले. बुड्या तिथे मारायच्या आणि माल मुंबईच्या बाजारात यायचा. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा बसवला. तिकडचं चलनही रुपयाच. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, १९६६ च्या अवमूल्यनानंतर त्या गेल्या.

मांडणीचं सांगायचं तर मोती अर्धा जिवंत माल. कॅल्शियम कार्बोनेटचे थर आणि त्यांना धरणारं प्रथिन. हवा फार कोरडी झाली की तडकतो, आम्लाची वाफ लागली की चमक जाते. म्हणून अशा पेटीत एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) किंवा ओकचं लाकूड चालत नाही, दोन्ही ॲसिटिक आम्ल सोडतात. रंगवलेला धातू, काच आणि तपासलेलं कापड. रेशमामुळे उजेड ५० लक्सच्या (उजेडाचं माप) आत. गालिचा साधारण १.७४ बाय २.६४ मीटर, त्यावर मोत्यांचं वजन. उभा टांगला तर दोरेच तुटतील, आडवा किंवा किंचित उताराने ठेवणंच बरं.

कोपरखळी
थोडक्यात, मोती त्यांचे, हौस आपली, दोरा बडोद्याचा आणि पेटी पुन्हा त्यांची.

ताडपत्री
मला या इमारतीची खरी खोट आत दिसते. उभी सरळ भिंतच नाही. चित्र टांगायचं कुठे? म्हणून दालनांच्या तिरक्या भिंतींवर प्रचंड चित्रफिती टाकल्या आहेत. मोत्यांच्या बुड्यांवरची मीरा नायर यांची आहे. वक्र भिंतीवर प्रक्षेपण करायचं तर प्रत्येक प्रोजेक्टरचं चित्र भिंतीच्या मॉडेलनुसार आधीच वाकवून घ्यावं लागतं, आणि दोन प्रोजेक्टरांच्या कडा एकमेकांवर चढतात तिथे उजेड मंद करून जुळवावा लागतो. दिवा बदलला, प्रोजेक्टर चार मिलिमीटर हलला, की शिवण दिसते. प्रदर्शन बदलायचं म्हणजे सगळं पुन्हा.

त्यामानाने दोह्यातलंच, वास्तुरचनाकार आय. एम. पेईचं इस्लामी कला संग्रहालय बघा, २००८ चं. कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या वजूच्या हौदावरून भूमिती घेतली: चौकोन, अष्टकोन, वर्तुळ. किनाऱ्यावरच्या जागा पेईने नाकारल्या, उद्या शेजारी मनोरे उभे राहून इमारत झाकतील म्हणून. मग त्याच्यासाठी समुद्रात भर घालून वेगळं बेट केलं. फिका चुनखडी दगड, खिडक्या मोजक्या, आणि मोठी ४५ मीटर उंच काच उत्तरेला, खाडीकडे. ऊन अडवायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे दिशा, ते पेईने वापरलं. दालनं साधी आणि अंधारी, वस्तू उठून दिसते.

तुळई
पेईची इमारत शांत आहे, मान्य. पण त्याच्याकडे मांडायला चौदाशे वर्षांची कला होती. राष्ट्रीय संग्रहालयाला तंबू, मोती, तेल, वायू आणि शेजारी देशांनी केलेल्या २०१७ च्या नाकेबंदीपर्यंतची गोष्ट सांगायची होती. वस्तू कमी, गोष्ट मोठी. चित्रफिती त्यामुळे आल्या, भिंतींमुळे नाही.

ताडपत्री
तर मग भिंत सरळ ठेवूनही चित्रफिती दाखवता आल्या असत्या. आणि नूवेलचंच अबुधाबीचं लूव्र संग्रहालय घ्या: १८० मीटरचा घुमट, आठ थर, ७,८५० ताऱ्यांची जाळी, फक्त चार लपवलेल्या खांबांवर. खाली दालनं मात्र साधी पांढरी चौकोनी. आकाराची हौस छपरावर भागवली, वस्तूंना त्रास नाही. २०१७ मध्ये तोच माणूस हे करतो आणि २०१९ मध्ये तबकड्या.

तुळई
दोह्याचा आराखडा आधीपासून चालू होता हो. उद्घाटनाच्या सालावरून शहाणपणाचा क्रम लावू नका.

मोरावळा
दोघे दमला असाल तर धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. रीतीभाती बदलल्या का, हे संग्रहालयाच्या आत बघून कळत नाही, रस्त्यावर बघावं लागतं.

२००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने मातेराझीला डोकं मारलं त्या क्षणाचा अदेल अब्देस्समेदचा पुतळा ऑक्टोबर २०१३ मध्ये दोह्याच्या समुद्रकाठी उभारला. मूर्तिपूजा होईल म्हणून ओरड झाली, काही आठवड्यांतच काढला. २०२२ मध्ये तोच पुतळा क्रीडा संग्रहालयात पुन्हा आला. डेमियन हर्स्टची गर्भापासून जन्मापर्यंतची १४ कांस्यशिल्पं २०१३ मध्येच एका इस्पितळासमोर उघडली, मग झाकली गेली आणि २०१८ मध्ये पुन्हा उघडली. आधी मांडायचं, आरडाओरडा झाला की झाकायचं, काही वर्षं थांबून पुन्हा मांडायचं. शेखा अल मयासा यांच्या कतार म्युझियम्सने (तिथली सरकारी संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेने) टोकाला न जाता हे चालवलंय. कुठे मांडायचं यातही हुशारी आहे: येताजाता सगळ्यांना दिसेल अशा किनाऱ्यावरून उचलून, तिकीट काढून आत येणाऱ्यांसमोर.

मला सगळ्यात धाडसी वाटतात ती दोह्याच्या म्शैरेब भागातली, संग्रहालयं केलेली चार जुनी घरं. बिन जलमूद हाऊसमध्ये गुलामगिरीचा इतिहास उघड मांडलाय, कतारमध्ये ती १९५२ पर्यंत कायदेशीर होती. कंपनी हाऊसमध्ये पहिल्या तेलकामगारांची गोष्ट. इमारती जुन्या, लहान. नावाजण्याजोगा एक फोटोही निघत नाही, म्हणून तिथे कुणी फिरकत नाही.

आणि पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ मध्ये गेले. दोह्याच्या एज्युकेशन सिटीत त्यांच्या नावाचं 'लौह व कलम' संग्रहालय २०२५ मध्ये उघडलं. त्यांच्याच एका रेखाटनावरून दिल्लीचे वास्तुरचनाकार मार्तंड खोसला यांनी ते उतरवलंय. आपल्याकडे यावरून काय व्हायचं ते होईलच, कृपया इथे नको.

कोपरखळी
पॉपकॉर्न आणले होते. ठेवून देतो.

खडूस_आजोबा
गुलामगिरी दाखवली, छान. आजच्या मजुरांचं काय? देशात नागरिक दहातला एखादाच, बाकी बाहेरचे, त्यात सगळ्यात मोठा गट भारतीयांचा. या तबकड्या चढवल्या त्या काळात उन्हातल्या कामाची बंदी १५ जून ते ३१ ऑगस्ट, साडेअकरा ते तीन. २०२१ मध्ये ती १ जून ते १५ सप्टेंबर, दहा ते साडेतीन झाली आणि डब्ल्यूबीजीटी (उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरणारं माप) ३२.१ अंशांच्या वर गेलं की काम थांबवायचं ठरलं. हा नियम आधी का नव्हता? ११ दालनांत त्याला किती जागा आहे?

ओलीसुकी
आजोबा बरोबर बोलताहेत, आणि ते माप महत्त्वाचं. साध्या तापमापीत दमटपणा येत नाही. ३६ अंशांची दमट संध्याकाळ ४४ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा शरीराला जड जाते, कारण घाम सुकत नाही. घड्याळावरच्या बंदीत ही संध्याकाळ सुटायची.

मोरावळा
जागा फार थोडी आहे. कंपनी हाऊसमधले कामगार प्रामुख्याने कतारी, जुन्या पिढीचे. नंतर आलेल्यांची गोष्ट सांगणारं दालन व्हायला हवं, आणि ते राष्ट्रीय संग्रहालयातच हवं, कोपऱ्यातल्या जुन्या घरात नको.

निवडुंग
मूळ प्रश्नावर परत येतो. ओलीसुकी आणि तुळई यांचं वाचून माझं मत असं झालंय की बाहेरचा आकार उन्हाशी नीट व्यवहार करतो, आतला आकार वस्तूंशी करत नाही. आजोबांच्या वाड्यात माप सामानाने ठरवलं होतं, इथे संगणकाने काहीही माप शक्य केलं आणि ते केलं गेलं.

ताडपत्री
'केलं गेलं' हे आवडलं.

तुळई
मला नाही पटलं, पण धागा शंभरीला न्यायचा नाहीये. पुढे बघायचं असेल तर आर्ट मिल बघा. दोह्याच्या बंदरालगतच्या पीठगिरणीचं संग्रहालय होणार आहे, वास्तुरचनाकार आलेहांद्रो अरावेना, आणि धान्याच्या सायलोची (उंच गोल कोठारांची) नळकांडी ठेवून काम आहे. गोल काँक्रीटला नवं भोक पाडलं की कड्यातला ताण मोकळा होतो, आधी बाहेरून पट्टे आवळावे लागतात. आणि चित्र टांगायला सरळ भिंत तिथेही नाही, ताडपत्री.

ताडपत्री
वेगळा धागा काढा. तिथे भांडू.

मीठागर
काढणार असाल तर समुद्राला लागून असलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड (मिठातला, सळई गंजवणारा घटक) किती खोल गेलंय ते कसं तपासतात, ते मी लिहितो. ड्रिलचा भुगा दर पाच मिलिमीटरला वेगळ्या पिशवीत. सळईपर्यंत पोचलं असेल तर सायलो ठेवण्याचा खर्च नव्यापेक्षा जास्त.